आयर्न ऑक्सचा तिसरा अल्बम

५ जानेवारी १९८६, रविवार. संध्या. ७

नवी वही. कारण सबळ आहे. कारण: गौस.

आज दिलदारच्या दुकानात जे घडलं ते तारखेसह लिहून ठेवतो, म्हणजे सूड घेताना काही राहून जायला नको.

दिलदार रेकॉर्डिंग सेंटर, राजारामपुरी, तिसरी गल्ली. दर रविवारी चार वाजता आम्ही चौघं तिथं जमतो. कोल्हापुरात आयर्न ऑक्स हा हेवी मेटल बँड ऐकणारी एवढीच माणसं. एक दिलदार, कारण त्याचा मेहुणा बोटीवर आहे आणि रेकॉर्डी तोच आणतो. दुसरा सयाजी. तो हातकणंगल्याहून रेल्वेनं येतो आणि परतीची गाडी गाठायची असते म्हणून मतं घाईत देतो. तिसरा गौस, उद्यमनगरात एका फाऊंड्रीत मोल्डर. चौथा मी, आकाराम. प्रोप्रायटर, टायपिंग इन्स्टिट्यूट, सातवी गल्ली, जिन्यावर. मला सगळे सर म्हणतात. गौससुद्धा. म्हणूनच जास्त लागलं.

बँडचे पाच अल्बम आहेत. त्यातला श्रेष्ठ तिसरा, 'क्राऊन ऑफ नेल्स', हे मी तीन वर्षं सप्रमाण सांगतोय. अठ्ठेचाळीस मिनिटं आणि एक चूक नाही. ड्रम मी स्टॉपवॉच लावून तपासलेत. गौसचं म्हणणं, पहिला. 'फर्नेस स्ट्रीट'. दोन दिवसांत उरकलेला अल्बम. दुसऱ्या गाण्यात ड्रमरच्या हातातली काठी पडते आणि ती पडलेली ऐकू येते. तिसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज फाटतो. माझ्याकडे असल्या कामाला पास करत नाहीत.

आज दिलदारकडे पुण्याचा एक पाहुणा होता. इंजिनिअरिंगचा मुलगा, काळा टी-शर्ट, जाणकार. त्याच्यापुढे मी वीस मिनिटं मुद्दे मांडले. मग त्यानं गौसला विचारलं, तुमचं काय. गौस म्हणाला, सरांचा अल्बम चांगला हाय की. आमच्या आईला झोप लागत न्हवती, तो लावल्यापास्नं लागती.

पाहुणा हसला. दिलदार हसला. सयाजी गाडीसाठी उठला होता, तो परत बसून हसला.

सूड घेणार. सुसंस्कृत, पण सूड.

६ जानेवारी. सकाळी

अबोला धरायचं ठरवलं. गौसशी एक शब्द नाही. माझ्या बोलण्याशिवाय रविवारची बैठक म्हणजे काय, हे त्याला दोन आठवड्यांत कळेल. मग तो आपण होऊन माफी मागेल. मी लगेच देणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

अबोला, पहिला दिवस. दुकानात तोंड उघडलं नाही. चौथ्या अल्बमवर चर्चा झाली. चुकीची झाली. तरी गप्प.

निघताना दिलदार म्हणाला, आज लई मजा आली सर, सगळ्यांना बोलायला मिळालं.

१९ जानेवारी, रविवार

अबोला, दुसरा आठवडा. परिणाम दिसू लागला. गौस अस्वस्थ. दोनदा माझ्याकडे बघितलं. शेवटी खिशातून पुडी काढून माझ्या हातात दिली. ज्येष्ठमध. आईनं, म्हणजे लालबींनी, दिलंय म्हणाला. सरांचा घसा बसलाय असं मी घरात सांगितलंतं.

पुडी घ्यावी लागली. घेताना थँक्यू म्हणालो, त्यामुळे अबोला तांत्रिकदृष्ट्या मोडला.

हा अपमान क्रमांक दोन.

२० जानेवारी

ज्येष्ठमध चांगला आहे. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आक्कानं विचारलं, त्या गौसचं आणि तुझं काय बिनसलंय? आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याकडेच असते. मी म्हणालो, कलाविषयक मतभेद. ती म्हणाली, बैलाच्या बँडवरनं भांडाय तुमी काय दुसरीत हाईसा? ऑक्स म्हणजे बैल एवढं मीच तिला सांगितलं होतं. माणसानं घरात शिकवू नये.

२ फेब्रुवारी, रविवार

आज शत्रूनं स्वतःच हत्यार दिलं.

गौस सांगत होता की फाऊंड्रीत त्यानं फळीवर टेपरेकॉर्डर ठेवलाय आणि साचे भरताना दिवसभर फर्नेस स्ट्रीट लावतो. गडी खूश आहेत. मालक आण्णा आठवड्यातून तीनच दिवस येतात, त्यांना अजून माहीत न्हाई, असं म्हणून हसला.

मीही हसलो. माझं हसू वेगळं होतं.

३ फेब्रुवारी. दुपारी ३

पत्र तयार. मराठीत, टाईप करून, फाऊंड्रीच्या मालकांच्या नावे. आपला मोल्डर गौस हा कामाच्या वेळी कर्णकर्कश परदेशी संगीत लावतो, वितळलेल्या लोखंडाजवळ कामगारांचे लक्ष विचलित होते, जीवितास धोका आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी. खाली: एक हितचिंतक.

मशीन नंबर चारवर केलं. ते सगळ्यात जुनं, कोपऱ्यातलं; विद्यार्थ्यांना देत नाही, सूचनांच्या पाट्या तेवढ्या त्यावर करतो. त्याचा 'र' ओळीच्या जरा खाली बसतो, पण असली गोष्ट माझ्यासारख्याच्याच नजरेला येते.

हे निनावी पत्र नाही. नाव न लिहिलेलं पत्र आहे. हेतू सार्वजनिक सुरक्षिततेचा. फार तर टेप जप्त होईल.

४ फेब्रुवारी

पत्र टाकायला बिंदू चौकाजवळच्या पेटीपर्यंत चालत गेलो. गल्लीतली पेटी विश्वासाची वाटली नाही. वाटेत दोन पेट्या लागल्या, त्याही नाही वाटल्या. शेवटी टाकलं.

९ फेब्रुवारी, रविवार

गौस आला नाही.

दिलदारनं सांगितलं की आण्णांना कुणीतरी पत्र टाकलंय. आण्णा तापट माणूस. गौसला घरी बसवलंय. लेखी खुलासा द्यायचा, पटला तर ठेवतील, नाहीतर बारा वर्षांची नोकरी गेली. सयाजी म्हणाला, असलं पत्र लिहिणाऱ्याला भर चौकात उभा करायला पायजे. मी म्हणालो, कायदा हातात घेऊ नये.

विजय. अपेक्षेपेक्षा मोठा. साजरा करायला एकटाच जाऊन मिसळ खाल्ली. मिसळीला चव नव्हती. कट फिका. कोल्हापुरातल्या मिसळीचा दर्जा घसरत चाललाय, यावर कोणीतरी लिहायला हवं.

१० फेब्रुवारी

मी फक्त टेपबद्दल लिहिलं होतं. नोकरीबद्दल एक शब्द नव्हता. कारवाई 'योग्य ती' असावी असं स्पष्ट म्हटलं होतं. आण्णांनी वाचताना काळजी घ्यायला हवी होती.

क्राऊन ऑफ नेल्स लावला. दुसरी बाजू ऐकायची राहिली.

११ फेब्रुवारी. दुपारी १

सकाळपासून पाच कप. चहा जास्त झाला.

साडेनऊला जिन्यावर पावलं वाजली. गौस. हातात माझं पत्र. म्हणजे, ते पत्र, आण्णांनी खुलाशासाठी त्याच्याकडे दिलेलं. चेहरा प्रोप्रायटरचाच ठेवला.

गौस म्हणाला, सर, खुलासा लिहून पायजे. माझ्या वळखीत एवढं शिकलेलं दुसरं कोण न्हाई. घरात आईला अजून सांगितलं न्हाई, रोज डबा घिऊन भाईर पडतोय आणि बागेत बसतोय.

मी म्हणालो, बस. तो बसला नाही. दाराजवळच्या पाटीपाशी उभा राहिला. 'बाहेर चपला काढून रांगेत ठेवाव्यात' अशी माझी टाईप केलेली सूचना तिथं चिकटवलेली आहे. ती तो बराच वेळ वाचत होता. एकदा हातातल्या पत्राकडे बघे, एकदा पाटीकडे. वाचायला त्याला वेळ लागत असावा.

मग येऊन बसला आणि म्हणाला, पत्र लिहिणारा शिकलेला दिसतोय. एक चूक न्हाई. मी म्हणालो, तसं दिसतं खरं.

वाईट खुलासा लिहिणं मला सहज शक्य होतं. दोन ओळींत त्याचं काम तमाम झालं असतं. पण इन्स्टिट्यूटच्या नावाचा प्रश्न होता. मशीन नंबर एकवर कागद चढवला.

दोन तास बसलो. हितचिंतकाचा एकेक मुद्दा घेतला आणि खोडला. आरोप किती मोघम आहेत, लिहिणाऱ्याला फाऊंड्रीच्या कामाची काडीची माहिती कशी नाही, धातू ओतताना टेप बंदच असतो हे त्यानं येऊन बघायचे कष्टही कसे घेतले नाहीत. 'सदर इसमाने वैयक्तिक आकसापोटी हा उद्योग केल्याचे उघड दिसते' हे वाक्य लिहून झालं तेव्हा मला त्या माणसाची खरोखर चीड आली होती.

मग मी विचारलं, टेपचा फायदा काय झाला ते आकड्यांत सांग. गौस म्हणाला, वाळू ठोकायला ताल मिळतोय. ठोका सारखा पडला की वाळू सारखी बसती आणि नग भोकाचा निघत न्हाई. पयलं शंभरात अकरा नग वाया जात हुते, आता चार.

मी 'क्राऊन ऑफ नेल्स या अल्बममुळे' असं टाईप करायला घेतलं. गौसनं थांबवलं. म्हणाला, सर, त्यो लावून बघितलाय मी. तुमी सारखं सांगत हुतासा म्हणून आठवडाभर त्योच लावलाता. चांगला हाय, पण त्यात कुटं दम खायाला जागा न्हाई. गडी थकत्यात. फर्नेस स्ट्रीटमधी ती काठी पडती न्हवं, तितं गडी हसत्यात आणि पुन्ना जोर लावत्यात.

आठवडाभर लावला होता. मला कधी बोलला नाही.

खुलाशात 'फर्नेस स्ट्रीट' टाईप केलं. अवतरणचिन्हांत. माझ्या मतात त्यामुळे बदल होत नाही.

१३ फेब्रुवारी

दिलदार रस्त्यात भेटला. गौस कामावर परत. आण्णांनी खुलासा तीन वेळा वाचला म्हणे, मग म्हणाले, चारच नग वाया जात असतील तर दुसऱ्या शेडमधी पण एक टेप ठेवा. आणि त्या हितचिंतकाचं पत्र फाडून भट्टीत टाकलं.

म्हणजे शेवटी माझ्याच लेखणीचा विजय झाला. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी.

रात्रीचं जेवण चांगलं गेलं. मिसळीचं मी उगाच लिहिलं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

गौस सकाळीच इन्स्टिट्यूटवर आला. हातात पिशवी, पिशवीत डाख द्यायची सळई आणि छोटा स्टोव्ह. म्हणाला, सर, तुमच्या त्या कोपऱ्यातल्या मशीनचा र खाली बसतोय. डाख सुटलाय. बसवून देतो की.

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं. तो म्हणाला, पाटीवर दिसलं. आमचं आयुष्य वाकडा नग वळखण्यात गेलंय.

दहा मिनिटांत काम केलं. पुण्याचा मेकॅनिक चार महिने येतो येतो म्हणत होता. कागद चढवून स्वतः एका बोटानं र र र र असं टाईप केलं, डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाला, आता ह्या मशीनवर काय बी टाईप करा सर. कुनाला वळखू येनार न्हाई.

अक्षर सुबक झालं, असा याचा अर्थ.

साधा माणूस आहे. त्याला काही कळलेलं नाही.

१७ फेब्रुवारी. पहाटे ५

त्याला काही कळलेलं नाही.

१८ फेब्रुवारी

विचार केला. हा माणूस एकामागून एक उपकार करतोय. आईचा ज्येष्ठमध, अल्बम आठवडाभर लावणं, आता र. उपकार करून समोरच्याला कमीपणा आणायचा, ही सुडाची सगळ्यात हलकट पद्धत. अपमान क्रमांक दोन, तीन, चार.

माझा सूड आता उघड्यावर होईल. कागदोपत्री. मतदान.

२३ फेब्रुवारी, रविवार

बैठकीत जाहीर केलं. १६ मार्चला इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये निर्णायक सभा. दोन्ही अल्बम सलग वाजवायचे, मग गुप्त मतदान. जो हरेल त्यानं पुन्हा तो विषय काढायचा नाही. गौस म्हणाला, चालतंय की. सयाजीनं विचारलं, मतदार कोण. मी म्हणालो, आपण चौघं आणि माझ्या सकाळच्या बॅचचे नऊ विद्यार्थी, जे निःपक्षपाती आहेत.

ते माझे विद्यार्थी आहेत, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

३ मार्च

मतदारांचं शिक्षण सुरू. स्पीडचा उतारा बदलला. नवा उतारा मीच इंग्रजीत लिहिलाय: क्राऊन ऑफ नेल्स हा निर्दोष अल्बम आहे, त्याचा राजा आंधळा असला तरी त्याचा मुकुट रक्तानं चमकतो, इत्यादी. रोज वीस वेळा. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

सोळा तारखेपर्यंत हे नऊ जण झोपेतही मला मत देतील.

१० मार्च

हंबीरराव आले होते. शाहूवाडीकडचे बागायतदार, पुतणीला राजारामपुरीत खोली घेऊन शिकायला ठेवलंय. पुतणीच्या वहीतला कागद टेबलावर आपटला. म्हणाले, मास्तर, आमची पोरगी सरकारी परीक्षेला बसनार हाय का राजाचं रगत काढाय? झोपेत नेल्स नेल्स करून वरडतीया.

झोपेतही, म्हणजे पद्धत बरोबर चालली आहे. त्यांना समजावलं की हे साहित्यिक इंग्रजी आहे. ते म्हणाले, परीक्षेत नापास झाली तर दुसऱ्या इन्स्टिट्यूटला घालीन. जाऊ दे. सोळा तारीख पार पडू दे.

१५ मार्च. संध्या. ६

सगळी तयारी पूर्ण. चिठ्ठ्या टाईप करून कापल्या. मतपेटी म्हणून आक्काचा लाडवांचा डबा. आक्का निवडणूक अधिकारी, कारण तिला दोन्ही अल्बम सारखेच नावडतात. निकालाची घोषणा आधीच टाईप करून ठेवली: तेरापैकी बारा मते क्राऊन ऑफ नेल्सला, एक फर्नेस स्ट्रीटला. ते एक कुणाचं हे सगळ्यांना कळेल. त्याचा चेहरा मला बघायचाय.

दयाही दाखवणार आहे. पण सावकाश.

१६ मार्च, रविवार. संध्या. ८

सभा पार पडली. जे झालं ते क्रमानं लिहितो.

दिलदारनं प्लेअर आणि दोन स्पीकर आणले. गौस आईला घेऊन आला. लालबी आक्काशेजारी बसल्या आणि वाटाणे सोलायला लागल्या. पहिल्यांदा क्राऊन ऑफ नेल्स. अठ्ठेचाळीस मिनिटं. विद्यार्थी बोटांकडे बघत बसले होते. हंबीररावांच्या पुतणीनं मध्येच कान झाकले. लालबींना झोप लागली.

मग फर्नेस स्ट्रीट. हा अल्बम मी बऱ्याच वर्षांत पूर्ण ऐकला नव्हता. मत पक्कं असल्यामुळे गरज पडली नव्हती. दुसऱ्या गाण्यात काठी पडली. नऊच्या नऊ पोरं हसली. गौस मांडीवर मूठ आपटत होता, जशी वाळू ठोकतात तशी, डोळे मिटून. मला ती फाऊंड्री दिसली. मी कधी गेलेलो नाही, पण दिसली. फळीवरचा टेप, आणि बागेत डबा घेऊन बसलेला माणूस. तिसऱ्या गाण्यात त्या गायकाचा आवाज फाटला तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून रुमाल काढला. हॉलमध्ये धूळ फार आहे. झाडूवालीला सांगायला हवं.

त्यानंतर चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठी भरताना माझं लक्ष नव्हतं.

आक्कानं डबा उघडला. एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लागली. फर्नेस. फर्नेस. फर्नेस. पाचव्या फर्नेसला मी टाईप केलेली घोषणा खिशात घातली. विद्यार्थी एकमेकांना टाळ्या देत होते. पुतणी म्हणाली, सर, दोनशे वेळा टाईप केलंय ते, आता त्याचं नाव बी नको. एकूण निकाल: फर्नेस स्ट्रीट बारा. क्राऊन ऑफ नेल्स एक.

आकडे मी म्हटलं होतं तेच निघाले, एवढं नोंदवून ठेवतो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दिलदार जवळ येऊन हळूच म्हणाला, वाईट वाटून घिऊ नका सर, एकटं का असंना, तुमचं मत तुमच्यापाशी. मी मान हलवली. पराभूत पण ताठ, असा चेहरा करत होतो आणि तो बऱ्यापैकी जमत होता.

तेवढ्यात गौस उठला. कानाची पाळी चोळत म्हणाला, ते एक माझं हाय. सरांचं एक असणारच, त्यात माझं टाकलं की दोन हुतील, सर एकटं दिसणार न्हाईत, असं वाटलंतं मला.

मग त्यानं डब्याकडे बघितलं. दिलदारनं माझ्याकडे. सयाजी बोटं मोजायला लागला.

आक्कानं डबा उलटा करून झटकला. काही पडलं नाही. ती म्हणाली, आकाराम, मग तुझं कुठं गेलं?

मतदान गुप्त असतं, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. गुप्ततेचं महत्त्व, मतदाराचा अधिकार, सगळं. विद्यार्थ्यांना घरी जायचं होतं. गौस ऐकत नव्हता. त्यानं सुई उचलून पहिल्या गाण्यावर ठेवली आणि जवळचा स्पीकर माझ्या खुर्चीकडे वळवला.

आवाज जरा मोठाच होता. मी कमी करायला सांगितलं नाही.